मागच्या रांगेतून

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

शनिवारच्या कॉन्सर्टचं तिकीट तू दिवसातून दहा वेळा फोनवर उघडून बघतेस, ते मला दिसतं. काल विचारलंस, "आई, तू कधी गेली होतीस का गं?" मी नुसतं 'हो' म्हटलं. तोंडी सांगायला लागले की मामा मध्ये तोंड घालतो आणि भांडण होतं, म्हणून लिहिते.

मी एकोणीस वर्षांची होते, मामा तेवीस. बँडचं नाव सांगत नाही, नाहीतर तू गाणी ऐकून आधी हसशील. आत शिरल्या शिरल्या मामा गर्दीत घुसला आणि थेट स्टेजपुढच्या कठड्याला जाऊन चिकटला. मला ती रेटारेटी झेपेना. मी मागे राहिले, अगदी मागे. तिथून ड्रमर काडेपेटीएवढा दिसायचा.

पहिल्याच गाण्याला गंमत झाली. ड्रमरची काठी खाली यायची आणि ठोका मागाहून ऐकू यायचा. वाटलं, आपलेच डोळे दमलेत. मग लक्षात आलं, आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो आणि मी दीडशेच्या पुढे उभी. जवळजवळ अर्धा सेकंद! मोठ्या मैदानांवर मधेमधे स्पीकरचे मनोरे उभारतात आणि त्यांतून आवाज मुद्दाम उशिरा सोडतात, म्हणजे पुढून येणारा आवाज आणि मनोऱ्यावरचा आवाज एकत्र कानावर पडतात. 1973 साली अमेरिकेत वॅटकिन्स ग्लेनला सहा लाखांच्या आसपास माणसं जमली होती, तिथे ही युक्ती वापरली होती. आमच्या मैदानावर असलं काही नव्हतं.

आणि मग, चौथ्या की पाचव्या गाण्यात, साउंडचा जनरेटर बसला. दिवे वेगळ्या जनरेटरवर, ते चालूच. गिटारवाले तारा छेडताहेत आणि आवाज शून्य. इलेक्ट्रिक गिटार विजेवाचून किती केविलवाणी असते ते तेव्हा कळलं. ड्रमर मात्र थांबला नाही. त्याला वीज कशाला हवी?

इथून आमचं भांडण सुरू होतं. मामाच्या मते तो ड्रमचा तुकडा म्हणजे त्या रात्रीचा कळस. छातीत घुमत होता म्हणे. माझ्यासाठी तो मूकपट होता. हात चाललेत, केस उडताहेत, ऐकू काहीच नाही. मग पुढची माणसं गप्प झाली, त्यांच्या मागची झाली, शांतता सरकत सरकत आमच्यापर्यंत आली आणि एकदम बारीक, पत्र्यावर थेंब पडावा तसा ठोका ऐकू आला. माझ्या अंगावर काटा आला. आत्ता लिहितानाही आलाय.

लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला, तर मामा आजही म्हणतो, "तुम्ही मागच्यांनी ताल घालवला." अरे, आम्हाला ठोका अर्धा सेकंद उशिरा मिळणार, आमची टाळी तुझ्यापर्यंत जायला आणखी अर्धा! आम्ही जे ऐकलं त्याच्यावर अगदी बरोबर वाजवत होतो. त्याला हे पटत नाही. वीज कधी आली, पुढे काय वाजवलं, मला काही आठवत नाही.

घरी येताना मामा माझ्याशी ओरडून बोलत होता. कानातली शिटी तीन दिवसांनी गेली. पण पुढे तो असा कितीदा तरी कठड्याला चिकटला आणि आता ती शिटी कायमची मुक्कामाला आलीय. कानाच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसाला पुन्हा येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कार्यक्रमांसाठी सरासरी 100 डेसिबलची मर्यादा सुचवली आहे, पण स्पीकरपुढे ती कोण मोजत बसतं? तुझ्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात इअरप्लग ठेवलेत. कापसाचे बोळे नकोत, त्याने फारसं काही अडत नाही. हे इअरप्लग सगळे सूर सारखेच खाली आणतात, गाणं गढूळ होत नाही.

तू पुढेच जाणार, मला माहीत आहे. जा. फक्त एखादं गाणं माझ्यासाठी मागे येऊन ऐक, आणि ड्रमरच्या काठीकडे बघ.

तुझी,
आई