पायी चालणाऱ्यांची मोजणी करणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

महामार्गावरच्या आमच्या फाट्यावर रस्ता ओलांडायचे पट्टे मारून झाले, दुभाजकातलं रेलिंग बसलं आणि गेल्या आठवड्यात दोन्ही बाजूंचे पिवळे दिवेही लुकलुकायला लागले. फोनवर तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही 'बरं झालं' म्हणालात आणि लगेच विचारलंत, दिव्यांची देखभाल कुणाकडे? आभार मानू द्यायला तुम्ही जागाच ठेवत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. आमच्या वस्तीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. पिंपळगाव बसवंत सोडून चांदवडकडे निघालं की मुंबई-आग्रा महामार्गाच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा लागतात. आमची वस्ती रस्त्याच्या एका बाजूला. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, किराणा, सगळं पलीकडे. हंगामात पेठ-सुरगाण्याकडून मजूर कुटुंबं येतात, मळ्यातच राहतात, आणि त्यांची लेकरं माझ्या अंगणवाडीत येतात. ज्या पोराने गावाकडे दिवसाला चार गाड्या पाहिल्या, ते इथे आल्याच्या दुसऱ्या दिवशी चौपदरी रस्ता ओलांडायला उभं राहतं. थंडीत निफाड भागातलं धुकं, कांद्याच्या दिवसांत मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, आणि त्यातून वाट काढणाऱ्या, डोक्यावर डबा नि काखेत मूल घेतलेल्या बाया. हे आमचं रोजचं होतं.

अपघात झाला की रास्ता रोको व्हायचा. 'गतिरोधक द्या' असा अर्ज जायचा. राष्ट्रीय महामार्गावर असे उंचवटे घालता येत नाहीत, असं उत्तर यायचं. पुढच्या अपघातापर्यंत विषय तिथेच पडून राहायचा.

तुम्ही आमच्याकडे पहिल्यांदा आलात ते दशक्रियेला. तुमच्या हाताखाली पूर्वी मुकादम असलेले आमचे आबा दुधाची किटली घेऊन रस्ता ओलांडताना गेले होते. विधी झाल्यावर पाहुणे पांगले, तुम्ही मात्र फाट्यावर जाऊन उभे राहिलात. दिवेलागणीपर्यंत. मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही मला पहिला प्रश्न विचारलात, "बाई, तुम्ही नेमक्या कुठून ओलांडता?" हा प्रश्न आम्हाला तोवर कुणीच विचारला नव्हता. सरकारी कागदावर ओलांडायची जागा एक होती आणि आमचे पाय पडत होते दुसरीकडे, कारण मळ्याची पायवाट तिथेच येऊन मिळते. तुम्ही म्हणालात, रस्त्याने माणसाच्या पायवाटेकडे यायला हवं, कारण लांबचा वळसा घालायला सांगितलं तर थकलेला माणूस घालत नाही.

मग तुम्ही आमच्याकडून मोजणी करून घेतलीत. वहीला रेघा आखून दिल्यात: वेळ, कुठून कुठे, बाई, पुरुष, मूल, म्हातारं, हातात ओझं आहे की नाही. बचत गटातल्या बायांनी आणि नववी-दहावीच्या पोरींनी पाळ्या लावल्या. शेजारी-शेजारी चार रेघा आणि पाचवी आडवी, अशा खुणांनी पानं भरली. आजवर मोजणी व्हायची ती गाड्यांची. पायी चालणारा माणूससुद्धा वाहतूकच आहे, हे तुम्ही त्या वहीतून सिद्ध केलंत.

तुम्ही शिकवलेला हिशेब आता आमच्या पोरींना तोंडपाठ आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे येते. एका बाजूच्या दोन मार्गिका आणि कडेचा पक्का पट्टा धरून साडेआठ मीटर होतात. म्हातारी बाई सेकंदाला एक मीटरही चालत नाही, तिला नऊ-दहा सेकंद लागतात. म्हणजे गाडी साधारण दोनशे मीटर लांब असेल तरच तिने पाऊल टाकावं. आता त्या अंतरावर रस्त्याला वळण असेल तर? "तिची चूक नाही, तिला दिसण्याची सोयच नाही," असं तुम्ही म्हणालात, तेव्हा आबांच्या सूनबाई रडल्या. तोपर्यंत जो तो 'सासऱ्यांनी बघून जायला हवं होतं' असंच तिला ऐकवत होता.

आणखी एक गोष्ट कायम लक्षात राहील. गुडघे दुखत असताना तुम्ही दुभाजकाजवळ उकिडवे बसलात आणि मलाही बसायला सांगितलंत. चार वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून समोर फक्त कण्हेरीची पानं दिसत होती. गाडीवाल्यालाही ते मूल दिसणार नव्हतं. आज ओलांडण्याच्या जागेच्या दोन्ही अंगांची कण्हेर गुडघ्याइतकी छाटलेली आहे. या कामाला खर्च जवळपास शून्य होता, पण बसून पाहणारं माणूस लागलं.

दुभाजकातली वाट तुम्ही सरळ ठेवू दिली नाहीत. आधी अर्धा रस्ता, मग रेलिंगच्या आत थांबायचं, डावीकडे चार पावलं चालायचं आणि मग उरलेला अर्धा. त्या चार पावलांत समोरून येणाऱ्या गाड्यांकडे आपोआप तोंड होतं. एक ट्रक भला माणूस म्हणून थांबतो आणि त्याच्या आडून मागची कार सुसाट निघते, हा धोका तुम्हीच समजावलात. म्हणून थांबण्याची रेघ पट्ट्यांपासून मागे घ्यायला लावलीत आणि अलीकडे रंबलर, म्हणजे गाडी खडखडवून वेग कमी करायला लावणारे आडवे जाड पट्टे, मारून घेतलेत.

खरी लढाई कागदावर झाली. अपघातप्रवण ठिकाण ठरायला ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू लागतात. आमचा फाटा त्यात बसत नव्हता. "दहाची वाट बघायची का?" असं तुम्ही एवढ्या शांतपणे विचारलंत की समोरचे अधिकारी गप्प झाले. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला नाशिकच्या मिरची हॉटेल चौकात खासगी बस पेटली, तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला. पायी चालणारी माणसं मात्र एकेकटी जातात, बातमी चार ओळींची असते आणि चौकशी त्याहून छोटी. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९८ अ हे कलम आलं आहे. रस्त्याची रचना मानकांप्रमाणे नसेल आणि त्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा कुणाला अपंगत्व आलं, तर जबाबदार संस्थेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अर्जात तुम्ही त्याचा फक्त उल्लेख ठेवलात, धमकी नाही. काम करणाऱ्याला शत्रू करून काम होत नाही, हा तुमचा आग्रह मला तेव्हा पटला नव्हता. आज ज्या तरुण अभियंत्याने पट्टे मारून घेतले, तो येता-जाता वस्तीवर थांबून चौकशी करतो. त्यालाही माझे मनापासून आभार.

एसटीचा थांबा अजून चुकीच्या जागी आहे. थांबलेल्या गाडीच्या पुढून लोक ओलांडतात. तो पट्ट्यांच्या पुढे सरकवायचा अर्ज आम्ही स्वतः लिहिला आहे, मोजणीचे तक्ते जोडले आहेत. चैत्रात वणीच्या गडाला पायी जाणाऱ्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत तो मार्गी लागावा, अशी धडपड आहे.

वडाळीभोईकडच्या एका वस्तीतल्या बाया परवा वही मागायला आल्या होत्या. वही दिली, रेघा कशा आखायच्या ते दाखवलं आणि तुमचा नंबरही दिला. रविवारी सकाळी त्यांचा फोन येईल, तेवढा उचला.

तुमची,
फाट्यावरची अंगणवाडी सेविका