प्रशिक्षणार्थींना नगरसचिव कार्यालयात बसवा

महोदय,

नव्या शैक्षणिक धोरणामुळे एम.ए.च्या पहिल्याच वर्षी 'ऑन जॉब ट्रेनिंग' आले. चार श्रेयांक (क्रेडिट), म्हणजे १२० तास. राज्यशास्त्राची, लोकप्रशासनाची मुले त्यासाठी पुणे महापालिकेची वाट धरतात, हे चांगलेच आहे. मात्र तिथे त्यांना कुठल्या कामाला जुंपतात ते पाहून, नोकरीभर विषयपत्रे, म्हणजे सभेपुढे येणारे प्रस्ताव, हाताळलेल्या माझ्यासारख्याला राहवेना.

माझी नात एका क्षेत्रीय कार्यालयात होती. कुठल्या ते लिहीत नाही. प्रमाणपत्रावर सही व्हायची आहे. तिला आवकचे टेबल मिळाले. अर्जावर शिक्का, रजिस्टरात नंबर, दुपारी तेच सगळे पुन्हा एक्सेलमध्ये. मधूनच एखादी फाइल घेऊन मुख्य इमारतीत फेरी. साहेब माणूस म्हणून चांगले, चहा रोज पाजत. पण प्रभाग समितीची बैठक वरच्याच मजल्यावर झाली तेव्हा 'तू काय करणार तिथे?' म्हणून तिला खालीच ठेवले. स्थानिक स्वराज्य संस्था हा तिचा शंभर मार्कांचा पेपर आहे!

आता सभागृहाची बाजू बघा. मार्च २०२२ नंतर जवळजवळ चार वर्षे नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार झाला. नव्या सभागृहात शेजारी बसून 'हा विषय मागे दप्तरी दाखल झालाय (म्हणजे गुंडाळलाय), जपून' असे कानात सांगणारे जुने सभासद कमी झाले. सभेची कार्यपत्रिका हाती पडते. त्यात वर्गीकरणाचे विषय, म्हणजे रस्त्यासाठी धरलेले पैसे भलत्याच कामाकडे. त्यावर ऐनवेळी उपसूचना, म्हणजे मूळ प्रस्तावात बदल. आयुक्तांच्या दिमतीला सगळी खाती असतात. नगरसेवकाकडे एखादा कार्यकर्ता, आणि तोही 'पाणी आले नाही'चे फोन घेण्यात बुडालेला. खासदारांना दिल्लीत २०१० पासून 'लॅम्प' फेलोशिपमधून अभ्यास करून देणारे तरुण मिळतात. नगरसेवकाला कोण देणार?

जुने ठराव वाचलेले नसले की काय होते, ते पुणेकरांना वेगळे सांगायला नको. राहत्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळत होती ती मुख्य सभेच्या १९७० सालच्या ठरावावर. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, शासनाने ठराव विखंडित, म्हणजे रद्द केला, फरकाची बिले घरोघरी आली, आणि २०२३ मध्ये शासनानेच सवलत पुन्हा दिली. मग आपण सगळे सवलतीसाठीचे पीटी-३ अर्ज घेऊन रांगेत! आक्षेप पहिल्यांदा आला तेव्हाच मूळ ठराव, शासनाची मान्यता आणि कायद्याचे कलम एका कागदावर मांडून सभागृहापुढे कोणी ठेवले असते, तर निदान चर्चा तरी वेळेवर झाली असती.

म्हणून सूचना अशी. दर सत्रात दहा-बारा विद्यार्थी नगरसचिव कार्यालयात, म्हणजे सभेचे विषय आणि ठराव सांभाळणाऱ्या कार्यालयात, घ्यावेत. मुख्य सभेपुढच्या महत्त्वाच्या विषयांवर त्यांनी एकपानी टिपण करावे: या विषयावर आधी काय ठरले, खर्च अंदाजपत्रकातल्या कुठल्या अर्थशीर्षकातून, १९४९ च्या महापालिका अधिनियमाचे कुठले कलम लागते. मत द्यायचे नाही. टिपण सर्व पक्षांच्या सभासदांना एकदम मिळावे आणि संकेतस्थळावरही टाकावे. मुलांना नगरसेवकांच्या संपर्क कार्यालयात मात्र धाडू नये. तिथे ती आठवड्याभरात फ्लेक्सचा मजकूर आणि हळदीकुंकवाच्या याद्या करू लागतील, हे मी खात्रीने सांगतो.

गोपनीयतेचा मुद्दा निघेल. पण सभेचे इतिवृत्त आणि ठराव ही काही गुपिते नव्हेत. सोमवारी दुपारी ३ ते ५ सामान्य नागरिकाला कागद पाहू देण्याची सोय याच शहरातल्या कार्यकर्त्यांनी पाठपुरावा करून मिळवली आणि २०१८ मध्ये ती राज्यभर लागू झाली. पैशांचे म्हणाल, तर राज्याच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १० हजार ठरवले होते, पण शिकत असलेल्यांना ती योजना नाही. महापालिकेने या मुलांना निदान पीएमपी बसचा पास आणि जेवणापुरते पैसे द्यावेत.

देखरेख कोण करणार, हा प्रश्न खरा आहे. कार्यालयात आधीच माणसे अपुरी. पण जुन्या ठरावांची बाडे कशी चाळायची, सूची कशी वाचायची हे दाखवायला आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी आठवड्यातून दोनदा यायला तयार आहोत. मानधन नको. कपाटाच्या किल्ल्या हल्ली कोणाकडे असतात, तेवढे सांगावे.

– एक निवृत्त महापालिका कर्मचारी, नारायण पेठ, पुणे ३०