इनचार्ज सिस्टर, तुमच्यामुळे मी टिकले

आदरणीय सिस्टर,

सा. न. वि. वि.

हे वाचून तुम्ही म्हणाल, "ड्यूटी सोडून पत्रं काय लिहीत बसलीस?" तरी लिहिते, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून कितीतरी मुली सोलापुरात नोकरीला लागतात, पण तुमच्यासारखी इनचार्ज सगळ्यांच्या नशिबी नसते.

मलाही आधी मिळाली नव्हती. पहिल्या ठिकाणी रुजू झाले आणि लगेच नाइटला अख्खा वॉर्ड अंगावर टाकला. इमर्जन्सी ट्रे कुठे, रात्री कुठल्या डॉक्टरांना उठवायचं, कुणी धड सांगितलं नाही. विचारलं की एकच उत्तर, "कॉलेजात शिकवलं नाही का?" मग मी विचारणंच सोडलं. दवाखान्यात नवं माणूस विचारायचं थांबलं की धोका पेशंटला असतो, हे मी तिथे जवळून पाहिलं.

तुम्ही मला सुरुवातीला स्टाफच्या मोजणीत धरलंच नाही. पेशंट तुमचे, मी तुमच्या मागे. "अजून किती दिवस?" असं वरून विचारलं गेलं, तेव्हा माझ्यादेखत सांगितलंत, "ती तयार झाली की मी कळवते." केवढा आधार वाटला होता त्या वाक्याचा!

तुमचा इन्सुलिनचा धडा तर मी जन्मात विसरणार नाही. ट्रेमध्ये दोन सिरिंज शेजारी ठेवल्यात, एक लाल टोपणाची, एक केशरी. लाल मिलीला 40 युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी, केशरी मिलीला 100 वाल्यासाठी. मग पाणी भरून दाखवलंत: लाल सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत म्हणजे अर्धा मिली. तेवढंच 100 चं इन्सुलिन भरलं तर पेशंटच्या अंगात 20 नाही, 50 युनिट जातात. अडीचपट! साखर एकदम खाली येऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. "बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दोन्ही मोठ्यानं वाच, शेजारच्या सिस्टरला दाखव, मगच टोच." वाचायला दोन मिनिटं गेली म्हणून तुम्ही कधी कुणाला घाई केली नाहीत.

वापरलेली सुई चुकून स्वतःलाच टोचली तर, त्याबद्दलही तसंच. नव्या मुली ओरडा बसेल म्हणून लपवतात. तुम्ही पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलंत: जखम पिळायची नाही, साबण-पाण्यानं धुवायची आणि तडक मला सांगायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या जितक्या लवकर तितक्या चांगल्या, शक्यतो दोन तासांत, आणि 72 तास उलटून गेले तर उपयोग नाही. हे फलकावर लिहिलेलं असतंच हो. पण सांगितल्यावर कुणी ओरडणार नाही, हा भरवसा माणसानंच द्यावा लागतो.

आपल्या वॉर्डात शहराच्या पूर्व भागातली तेलुगू बोलणारी आजी असते, शेजारच्या खाटेवर विजयपूरकडचे कन्नड बोलणारे काका. "एक्कड नोप्पी?", "एल्ली नोवु?" ही वाक्यं तुम्ही माझ्या वहीत लिहून दिलीत. मावशींना आणि वॉर्डबॉय मामांना बोलावून ओळख करून दिलीत, "ही आपली नवीन सिस्टर, अडली तर सांभाळून घ्या." त्यांनी खरंच सांभाळलं. ऑक्सिजनचा सिलिंडर कसा बदलायचा ते मला मामांनी शिकवलं.

आणि ओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती देणं! तुम्ही ती टेबलापाशी कधीच होऊ दिली नाहीत. प्रत्येक खाटेपाशी जाऊन, सलाईन किती उरली, लघवी किती झाली, कुठला रिपोर्ट यायचा आहे, सगळं पेशंटसमोर. नातेवाईकही मध्येच राहिलेलं सांगायचे.

सिस्टर, मनापासून आभार. तुम्ही मला कामाला लावलंत आणि माझं घाबरणं बंद केलंत.

सोलापुरातल्या मेट्रन मॅडम आणि दवाखान्यांच्या मालकांनी हे वाचलं तर एवढंच करा: नव्या मुलीला पहिल्या महिन्यात एकटीला नाइट लावू नका, आणि तिला शिकवणाऱ्या सिस्टरचे पेशंट थोडे कमी करा.

आपली,
तुमच्या वॉर्डातली स्टाफ नर्स