केस पेपरवर तीन तारखा लिहा

महोदय,

पावसाळ्यात मुंबईतल्या सायकलस्वाराचे हमखास मोडणारे हाड म्हणजे कॉलरबोन (गळ्याखालून खांद्यापर्यंत जाणारे आडवे हाड), जुन्या मराठीतली हांसळी. काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधली लांब फट, ओला झालेला पांढरा पट्टा किंवा मॅनहोलचे लोखंडी झाकण, यातले काहीही पुरते. चाक सरकते, माणूस खांद्यावर आपटतो आणि हाड बहुधा मधोमध मोडते. मग गळ्यात झोळी (स्लिंग) किंवा शस्त्रक्रियेने बसवलेली धातूची प्लेट, आणि केस पेपरवर एक ओळ : ‘६ आठवडे विश्रांती’.

या ओळीचा घरोघरी लागणारा अर्थ भयंकर आहे. रुग्णाला पलंगावर बसवतात, पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून देतात. दीड महिन्याने हाड जुळते, पण खांदा आखडलेला असतो, मांड्या आटलेल्या असतात आणि तो खांदा मोकळा करण्यात आणखी काही महिने जातात. मधुमेह असेल तर आखडण्याचा धोका जास्त. म्हणून आमची मागणी साधी आहे. विश्रांतीच्या ओळीखाली डॉक्टरांनी मराठीत तीन तारखा लिहाव्यात : झोळी कधी काढायची, हात खांद्याच्या वर कधी न्यायचा आणि हातावर भार कधी द्यायचा.

पहिल्या तारखेची वाट पाहतानाही बरेच करता येते. बोटे, मनगट आणि कोपर बहुतेकांना पहिल्या दिवसापासून हलवता येतात. आपल्याला चालेल ना, एवढे डॉक्टरांना विचारून घ्यावे. दिवसातून चार-पाच वेळा बसून झोळी सोडावी, दंड अंगालगत ठेवून कोपर पूर्ण सरळ करावे, पुन्हा दुमडावे, असे १० वेळा. मूठ घट्ट वळून उघडावी.

झोळी बांधण्यातली नेहमीची चूक म्हणजे ती सैल ठेवणे. हात बेंबीपर्यंत लोंबकळला की त्याचे वजन मोडलेल्या हाडाचा बाहेरचा तुकडा खाली ओढते. कोपर काटकोनात, पंजा कोपरापेक्षा किंचित वर आणि मनगट झोळीच्या आत हवे. कडेवरून खाली वाकलेले मनगट दोन दिवसांत दुखू लागते. मुंबईच्या दमटपणात काखेत घाम साचून बुरशी येते. तिथे सुती रुमालाची घडी ठेवावी आणि ती दिवसातून दोन-तीनदा बदलावी. काख धुताना हात उचलायचा नाही. कमरेतून थोडे पुढे वाकले की हात आपोआप अंगापासून सुटतो आणि फडके आत जाते.

पायांना तर काहीच झालेले नसते. सकाळी झोळीसकट अर्धा तास चालावे, पण सुट्या पेव्हर ब्लॉकच्या फुटपाथवर नको. शिवाजी पार्कचा कट्टा किंवा मरीन ड्राइव्हसारखी सपाट जागा शोधावी, कारण या काळात दुसऱ्यांदा पडणे परवडणारे नाही. घरी ट्रेनर (सायकल जागच्या जागी चालवण्याचा स्टँड) असेल तर सायकल त्यावर चढवून मंद गतीने २० मिनिटे मारावी, मात्र पाठ ताठ ठेवून आणि दुखरा हात हँडलवर न टेकवता. चढताना-उतरताना सोबत कुणीतरी हवे. जिममधली पाठ टेकायची सायकल त्याहून सुरक्षित. पंखा लावाच, बंद खोलीत घामाने झोळी भिजते. गर्दीच्या वेळची लोकल मात्र टाळा. एका हाताने दांडा धरलेला माणूस धक्क्याला तोंड देऊ शकत नाही. कार्यालयांनी अशा कर्मचाऱ्याला पूर्ण रजेऐवजी दीड महिना रोज उशिरा येण्याची मुभा दिली तर दोघांचेही भले होईल.

डॉक्टरांनी परवानगी दिली की, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, लंबकाचा व्यायाम सुरू होतो. चांगला हात ओट्यावर टेकवायचा, कमरेतून वाकायचे, दुखरा हात सैल सोडायचा आणि अंग हलवून त्याला ताटाएवढी गोल फेरी द्यायची. दोन्ही दिशांना १०-१०, दिवसातून तीनदा. इथे चूक होते ती अशी की लोक खांद्याच्या जोराने हात फिरवतात. हात दोरीसारखा लोंबायला हवा.

खांद्याच्या वर हात नेणे बहुधा ६ आठवड्यांनंतर, एक्स-रे पाहून. बादली, सिलिंडर आणि बॅकपॅक त्याहून पुढे. प्लेट बसवलेल्यांची गफलत इथेच होते. दुखणे लवकर थांबते म्हणून हाड जुळले असे त्यांना वाटते. प्लेट तुकडे फक्त धरून ठेवते, जुळायला हाडाला त्याचा वेळ लागतोच. तंबाखू, मिश्री, सिगारेट यांनी तो वेळ वाढतो.

पडताना तळवा टेकला असेल आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दुखत असेल, तर पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी मालिश करून घेऊ नका. तिथल्या स्कॅफॉइड हाडाची चीर सुरुवातीला कधीकधी दिसत नाही. मनगट आधारात ठेवून १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा. हात बधिर किंवा निळसर पडला, हाडाच्या टोकाने कातडी ताणून पांढरी पडली किंवा श्वास लागू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

रस्त्यावर परतणे बहुधा ८ ते १२ आठवड्यांनी. भिंतीला हात टेकून १० जोर न दुखता निघतात का आणि उभ्या सायकलचा ब्रेक त्या हाताने करकचून दाबता येतो का, हे आधी पाहावे. डोके आपटले असेल तर तडा दिसो वा न दिसो, ते हेल्मेट बाद. मागचा डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) आत वाकलेला नाही ना, हेही मेकॅनिककडून तपासावे. नाहीतर साखळी मागच्या सर्वांत मोठ्या दातेरी चकतीवर नेताना तो आऱ्यांत अडकू शकतो.

केईएम, सायन आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग आहेत. त्याच इमारतीत प्लास्टर काढायला आलेल्या कित्येकांना तिथे जायचे असते हेच ठाऊक नसते. तीन तारखांबरोबर त्या विभागाचा खोली क्रमांकही केस पेपरवर लिहिला जावा.

– सायकल चालवणारे काही वाचक, दादर