नेमक्या जागी अंगठा टेकवणाऱ्या फिजिओताईंना

आदरणीय ताई,

स. न. वि. वि.

शेवटच्या दिवशी निघताना नुसतं ‘थँक्यू’ म्हणालो आणि जिना उतरायला लागलो. अर्ध्यावर आल्यावर लक्षात आलं, की आपण कठडा धरलेलाच नाही. तिथूनच मागे फिरून तुमच्याशी नीट बोलायला हवं होतं. ते राहिलं, म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण कुल्ल्यात दुखतंय हे माणसं चारचौघांत सांगत नाहीत. मीही आठ महिने सगळ्यांना ‘कंबर दुखते’ एवढंच सांगत होतो.

खरं तर कंबर दुखतच नव्हती. दुखायचं ते उजव्या कुल्ल्याच्या आत, खोलवर. बसल्यावर दहा मिनिटांत ठणका सुरू व्हायचा आणि मग मांडीच्या मागून पोटरीपर्यंत मुंग्या यायच्या. उठून चाललं की जरा बरं, गाडीत बसलं की पुन्हा तेच. एमआरआयमध्ये कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी थोडी फुगलेली दिसली. ‘नस दबलीय, आज ना उद्या ऑपरेशन लागेल,’ एवढं ऐकून मी घरी आलो. तोपर्यंत जिथे दुखतंय तिथे कुणी हात लावूनही पाहिलं नव्हतं.

तुमच्यापुढे फाइल ठेवली तेव्हा तुम्ही म्हणालात, “बघते हं, आधी तुम्ही सांगा.” मग प्रश्न सुरू झाले. दिवसातून किती तास बसता? कुठल्या खुर्चीवर? खोकलं, शिंकलं तर कळ जाते का? लघवी-शौचावर ताबा आहे ना? दोन मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा? ताप, वजन उतरणं? आणि शेवटी, “पाकीट कुठल्या खिशात ठेवता?” उजव्या, मागच्या. पंधरा वर्षं तिथेच. त्या प्रश्नाला मी चमकलोच.

पावलाची ताकद पाहिलीत, गुडघ्यावर आणि घोट्यामागे हातोडी मारून पाहिलीत, सरळ पाय वर उचलून पाहिलात. मग कुशीवर झोपवून वरचा गुडघा वाकवला, आतल्या बाजूला नेला आणि पाऊल बाहेर वळवलं. बरोब्बर तीच कळ! पालथा झाल्यावर माकडहाडाच्या वरच्या हाडापासून खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यापर्यंत बोटाने एक रेघ ओढलीत आणि तिच्या मधोमध अंगठा टेकवलात. मी ओरडलो. तुम्ही अंगठा लगेच सैल केलात, पण उचलला नाहीत. म्हणालात, “हेच ना? हे खरं आहे. तुमच्या मनाचे खेळ नाहीत.” आठ महिन्यांत हे कुणी म्हटलं नव्हतं, ताई. डोळ्यांत पाणी आलं ते दुखल्यामुळे नव्हतं.

मग तुम्ही माझ्याच मुठीवर समजावलंत. पिरिफॉर्मिस हा कुल्ल्याच्या मोठ्या स्नायूखाली दडलेला छोटा स्नायू. लॅटिनमध्ये नावाचा अर्थ नासपतीच्या आकाराचा. मांडी बाहेर वळवायचं काम त्याचं. शरीरातली सगळ्यांत जाड नस, सायटिक, बहुतेकांत याच्या खालून निघते. काहींत तिचा एक फाटा थेट स्नायूच्या आरपार जातो. तुम्ही माझ्या वळलेल्या मुठीखालून ओढणीचं टोक सरकवलंत आणि म्हणालात, “आता मूठ घट्ट करा.” ओढणी अडकली. तेव्हा कुठे मला माझं दुखणं दिसलं.

तुमच्यावर विश्वास बसला तो मात्र त्याच्या पुढच्या वाक्याने. तुम्ही म्हणालात, की पिरिफॉर्मिस सिंड्रोम, म्हणजे या स्नायूने नस दाबल्याचा त्रास, पक्का ठरवणारी एकच अशी चाचणी नाही. १९४७ पासून हे नाव वापरात आहे, तरी डॉक्टरांमध्ये त्यावर अजून मतभेद आहेत. बाकीची कारणं बाजूला सारत तिथे पोहोचावं लागतं. एमआरआयची भीतीही तुम्ही दडपून टाकली नाहीत. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्याबद्दल सांगितलंत: काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या लोकांतही सुमारे ३० टक्क्यांच्या गाद्या फुगलेल्या दिसतात, ऐंशीच्या घरात ८० टक्क्यांहून जास्त. म्हणजे गादी फुगलीय हे खरं, पण दुखणं तिचंच असेल असं नाही. “सहा आठवडे मनापासून करू. पाऊल लुळं पडायला लागलं किंवा लघवीचा त्रास झाला, तर माझी वाट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल.” हे तुम्ही कागदावर लिहून खाली रेघ मारलीत.

व्यायाम साधे होते. उताणं झोपून उजवा घोटा डाव्या गुडघ्यावर ठेवायचा आणि डावी मांडी छातीकडे ओढायची. तीस सेकंद, तीन वेळा. कुशीवर झोपून टाचा जुळवायच्या आणि वरचा गुडघा शिंपला उघडावा तसा उघडायचा. मग उताणं झोपून कंबर उचलायची. मला वाटायचं, ताणलं की झालं. तुम्ही पहिल्या दिवसापासून बजावत होतात, की आजूबाजूचे स्नायू कमजोर राहिले तर या बिचाऱ्यावर पुन्हा सगळा भार येणार; ताकद वाढवायलाच हवी. पाकीट पुढच्या खिशात गेलं. दर पंचवीस मिनिटांनी उठायचं ठरलं. पायावर पाय टाकून बसणं बंद.

चौथ्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून मी ताण दुप्पट केला आणि पुन्हा पोटरीपर्यंत मुंग्या आल्या. फोनवर माझा आवाज रडवेला झाला होता. तुम्ही रागावला नाहीत. “ओढ वाटली पाहिजे, करंट नाही. करंट आला की अर्ध्यावर या,” एवढंच म्हणालात आणि दोन दिवस नुसतं चालायला सांगितलंत. ते वाक्य आजही गादीवर पडलो की आठवतं. इंजेक्शनचा पर्यायही तुम्ही मोकळेपणाने सांगितला होतात, गरज पडली तर कुणाकडे पाठवायचं हेही ठरवून ठेवलं होतंत. माझ्यावर ती वेळ आली नाही. दहाव्या आठवड्यात सलग दोन तास गाडी चालवली आणि उतरल्यावर पाय झटकावा लागला नाही.

आता एक काम. माझ्या ऑफिसातल्या एका मित्राला असाच त्रास सुरू झालाय. तुम्ही दिलेला व्यायामाचा कागद तो मागत होता. मी दिला नाही. त्याचं कंबरेपासून सुरू होतं, खोकलं की कळ जाते आणि चालताना पंजा घासतोय असं तो म्हणाला. आधी आजच्या आज डॉक्टरांना दाखव, असं सांगून मी स्वतः त्याला घेऊन गेलो. त्यांनी पाठवलं, की तो तुमच्याकडे येईल. रिपोर्ट बरोबर आणायला मी त्याला सांगितलंय, आणि कुठल्या खुर्चीवर किती वेळ बसतो तेही आठवून ठेवायला सांगितलंय.

आपला कृतज्ञ,
उजव्या कुल्ल्याचा पेशंट