आधी पाना, मग वर्दी

माझा धाकटा भाऊ गाडीवेडा. नुसत्या आवाजावरून इंजिनातला बिघाड सांगतो. दहावीनंतर आयटीआयला मोटार मेकॅनिक करणार होता. आता म्हणतो, नको, थेट सैन्यात अग्निवीर, तिथं मोठ्या गाड्या हाताळायला मिळतील. म्हणणं खोटं नाही. ट्रकपासून रणगाड्यापर्यंत सगळी दुरुस्ती लष्कराची ईएमई कोअर करते, खडकीतही तिचं मोठं वर्कशॉप आहे. पण जनरल ड्युटीत, म्हणजे साध्या शिपायाच्या पदावर, भरती झाला तर हाती पाना येईलच असं नाही. शिवाय 2022 पासून अग्निवीरांची सेवा चार वर्षांची आणि पुढे कायम होणार जास्तीत जास्त 25 टक्के. बाकीची पोरं बाविशी-तेविशीत घरी येणार, तेव्हा हातात कोणता दाखला असेल?

मोटार मेकॅनिकचा कोर्स दोन वर्षांचा. भरतीचं किमान वय साडेसतरा. म्हणजे सोळाव्या वर्षी प्रवेश घेतला तर फार काही चुकत नाही. उलट अग्निवीर टेक्निकलच्या भरतीत आयटीआयवाल्यांना वाढीव गुण मिळतात. देशसेवेची त्याची ओढ खरी आहे, मला तिचा अभिमान वाटतो. पण आमच्याकडे भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादम्या गल्लोगल्ली आहेत. म्हणून शाळांनी हा हिशेब दहावीच्या मुलांपुढे प्रवेशाआधीच मांडावा, ही विनंती.

– एक मोठा भाऊ, सातारा