नट, स्केल आणि नंतर बसवलेला पिकअप: काकांना आभाराचं पत्र

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. गिटार शोधताना तुम्ही जे सांगितलंत ते इलेक्ट्रो-अकूस्टिक (स्पीकरला जोडता येणारी) गिटार घेऊ पाहणाऱ्या कुणाच्याही उपयोगी पडेल.

माझी मागणी अशी होती: नटपाशी (नेकच्या, म्हणजे मानेच्या, टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीपाशी) 44.5 मिमी रुंदी, 632 मिमीच्या आसपास स्केल (तारेची वाजणारी लांबी), सॉलिड टॉप (थरांचा नव्हे, अखंड लाकडाचा वरचा भाग), मध्यम आकाराची बॉडी, कटअवे (वरच्या सुरांपर्यंत हात जावा म्हणून बॉडीला दिलेला काप), आणि पिकअप (तारांची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) हवा पण प्रीअँपसाठी (तो सिग्नल वाढवणाऱ्या डब्यासाठी) बाजूच्या फळीला चौकोनी भोक पाडलेलं नको. बोटांनी वाजवून सुगम संगीताला साथ करणाऱ्याला हे सगळं लागतं, पण दुकानात ते एकत्र मिळणं कठीण. यामाहाची एफएसएक्स 800 सीच बघा. सॉलिड स्प्रूस टॉप, 634 मिमी स्केल, कटअवे, सगळं जमतं. नट मात्र 43 मिमी आणि बाजूला प्रीअँपचा डबा. एपीएक्स 600 चं स्केलही 634, नट तिथेही 43.

तेव्हा तुम्ही एकच वाक्य बोललात: "पिकअप मी कधीही बसवून देईन, नेक रुंद करून देता येणार नाही." शोधाची दिशाच बदलली. नेकची रुंदी, स्केल, टॉपचं लाकूड, बॉडीचा आकार हे कारखान्यात ठरतं आणि कायम राहतं. पिकअप, प्रीअँप, पट्ट्याचं बटण, ट्यूनर, सॅडल (बॉडीकडे तारांना टेकू देणारी पट्टी) हे सगळं नंतर होतं. शोध मात्र आपण पिकअपपासूनच सुरू करतो, आणि साध्या अकूस्टिकच्या रांगेत उभी असलेली हवी तशी गिटार नजरेआड राहते.

कटअवेबद्दल तुम्ही विचारलंत, "पंधराव्या फ्रेटच्या वर खरंच किती वाजतं?" (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या.) साथीला फार कमी. चौदाव्या फ्रेटला बॉडी जोडलेली असेल तर पंधरा-सोळापर्यंत कटअवेशिवायही हात जातो. ती अट सोडली आणि छोट्या स्केलच्या ट्रिपल-ओ (000 असं लिहितात, मध्यम बॉडीचा एक प्रकार) आकाराच्या गिटारी समोर आल्या. त्यांत 632 मिमी स्केल आणि 44.5 मिमी नट ही जोडी सापडते.

ही मापं कागदावर क्षुल्लक दिसतात, हातात दिसत नाहीत. 648 ऐवजी 632 स्केल घेतलं की त्याच तारा त्याच सुराला सुमारे पाच टक्के कमी ताणाच्या होतात, आणि नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर तीनेक मिमीने घटतं. रुंदीत नटइतकंच ब्रिजपाशी (बॉडीवर तारा जिथे अडकवतात, सॅडल जिच्यात बसतं त्या लाकडी पट्टीपाशी) तारांमधलं अंतर महत्त्वाचं. पहिल्या ते सहाव्या तारेपर्यंत 54 मिमी आणि 57 मिमी यांतला फरक उजव्या हाताला लगेच कळतो. जाहिरातीत हे माप बहुधा नसतंच, विक्रेत्याकडून मागून घ्यावं लागतं. 43 च्या नेकवर नवा नट कोरून तारा कडेला सरकवायचा सल्लाही मिळतो. तुम्ही तो ठाम नाकारलात, कारण मग पहिली तार ओढताना फ्रेटच्या काठावरून घसरते.

लांबच्या विक्रेत्याकडून कुठले फोटो मागवायचे, हे तुम्ही सांगितलंत त्याबद्दल विशेष आभार. नटवर स्टीलची पट्टी धरून एक. साउंडहोलच्या कडेचा अगदी जवळून एक: वरच्या रेषा कडेच्या जाडीतून तशाच खाली उतरत असतील तर टॉप सॉलिड, थर दिसले तर प्लाय. (नुसतं "स्प्रूस टॉप" लिहिलंय म्हणून तो सॉलिड समजू नये.) तिसरा फोटो फ्रेट्सवर लांब सरळ पट्टी ठेवून. तिचं टोक ब्रिजच्या वरच्या पृष्ठभागाला जेमतेम लागून जायला हवं. ते ब्रिजच्या पुढच्या कडेवर आपटत असेल तर नेकचा कोन बिघडलाय आणि नेक रिसेटचं, म्हणजे नेक काढून योग्य कोनात पुन्हा बसवायचं, मोठं काम निघेल. सॅडल ब्रिजच्या वर तीन मिमी तरी दिसावं. अ‍ॅक्शन (फ्रेटपासून तारांची उंची) उतरवायला तेवढीच पुंजी असते: बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी कमी करायचा तर सॅडल एक मिमी घासावं लागतं.

पावसाळ्यात घेताना तुम्ही लावलेली पुस्ती मोलाची होती. मुंबई-कोकणच्या दमट हवेत सॉलिड टॉप फुगतो, ब्रिज वर उचलला जातो आणि अ‍ॅक्शन चढलेली दिसते. लगेच सॅडल घासलं तर हवा कोरडी झाल्यावर टॉप खाली बसतो आणि तारा फ्रेटवर खरखरतात. म्हणून आधी पेटीत आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांवर आणून गिटार काही दिवस तशीच ठेवायची, मग मोजायची. बाराव्या फ्रेटवर जाड तार 2.3 मिमी, बारीक 1.8 मिमी ही तुमची मापं बोटांनी वाजवायला अगदी योग्य आहेत.

आता पिकअप. घेतलेल्या गिटारच्या तारा सैल करून तुम्ही साउंडहोलमधून हातआरसा आत सरकवलात आणि ब्रिजप्लेट (ब्रिजच्या खाली, टॉपला आतून चिकटवलेली लाकडी पट्टी) दाखवलीत. तारांच्या टोकांच्या गोळ्यांनी भोकांच्या कडा खाल्लेल्या नव्हत्या, म्हणून तीन चकत्यांचा पॅसिव्ह पिकअप तिथे बसला. सॅडलच्या रेषेखाली, पहिली-दुसरी, तिसरी-चौथी आणि पाचवी-सहावी या तारांच्या मधे एकेक चकती. धूळ राहिली किंवा गोंदात पोकळी राहिली तर तेवढ्या दोन तारा दबून ऐकू येतात. त्यामुळे चिकटवण्याआधी तुम्ही प्लेट दोनदा पुसलीत, ते पाहून समाधान वाटलं. सॅडलखाली बसवायच्या पट्टीच्या पिकअपला हाच त्रास वेगळ्या वाटेने होतो: खाचेचा तळ किंवा सॅडलची खालची कड एकसारखी सपाट नसली की एखादी तार कमी पडते. लोक प्रीअँप बदलत बसतात, दोष तळाशी असतो.

पॅसिव्ह पिकअप थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडला की खर्ज गळून आवाज पातळ आणि चिरका होतो. अशा पिझो (कंपनाच्या दाबातून वीज देणाऱ्या) पिकअपला एक मेगाओहम किंवा जास्त रोधाचं इनपुट लागतं, लाइन इनपुट साधारण दहा किलोओहमचं असतं. म्हणून प्रीअँप तुम्ही बाहेर, पट्ट्याला अडकवायचा सुचवलात. तो बिघडला तर दुसरा आणता येतो. बाजूच्या फळीतला बिघडला आणि ते मॉडेल बंद झालेलं असलं, तर त्या मापाच्या भोकात बसणारा शोधत फिरावं लागतं.

फीडबॅकचा (स्पीकरचा आवाज गिटारीत परत शिरून घुमण्याचा) इशाराही खरा ठरला. या आकाराची बॉडी 100 ते 120 हर्ट्‌झच्या आसपास घुमते. आधी प्रीअँपवर फेज (सिग्नलची दिशा) उलटवायचा, मग नॉच (एवढीच एक कंपनसंख्या दाबणारा फिल्टर) तिथे आणायचा, तरीही घुमली तर साउंडहोलला रबरी झाकण. ड्रमसेटच्या शेजारी उभं राहायचं असेल तर मात्र पातळ बॉडीची कारखान्यातलीच इलेक्ट्रो-अकूस्टिक बरी, हेही तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितलंत. पिकअप बसवण्याचं काम हाताशी असताना असं सांगणारे कमी.

सध्या 12 ते 53 चा फॉस्फर ब्राँझ संच चढवलाय. सहावी तार प्लग लावल्यावर किंचित जास्त येते, ती बाहेरच्या प्रीअँपवर खर्ज थोडा उतरवून जमते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की सॅडल पुन्हा मोजायला गिटार घेऊन येतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक गिटारवादक